बाजूला ठेवलेली भाजी

शिवकन्या लग्न होऊन आली तेव्हा तिला मोजक्याच पालेभाज्या ओळखता येत होत्या, आणि त्या सगळ्या पालमच्या बाजारात जुडी बांधून मिळणाऱ्या. बसस्टँडच्या मागं तिच्या वडिलांची पिठाची गिरणी होती. घराला शेत नव्हतं, त्यामुळं हिरवं जे काही असतं ते एकतर विकत मिळतं नाहीतर गवत असतं, अशी तिची समजूत होती. सासर वालूरच्या पुढं, डांबरी रस्ता सोडून आत. पहिल्याच श्रावणात सासूनं तिला बांधावरून तरवटा आणायला सांगितला. तिनं मांडीएवढ्या वाढलेल्या झाडांची जून पानं पदर भरून आणली. धुरपताबाईंनी मूठभर पानं चुरगळून वास घेतला.

"ही म्हशीला घाल," त्या म्हणाल्या. "म्हैस बी तोंड लावंल का न्हाई, बघ."

म्हशीनं तोंड लावलं नाही. ती गोष्ट गल्लीत वर्षभर पुरली. शेजारची गीताबाई भेटेल तेव्हा विचारायची, "शिवकन्ये, म्हशीसाठी आज काय रांधलंस?"

शिवकन्या हसण्यावारी न्यायची, पण मनाला लावून घ्यायची. तिनं शिकायचं ठरवलं. धुरपताबाई शिकवायच्या म्हणजे बोलून फारसं शिकवायच्या नाहीत. खुरपायला गेलं की वाटेत एखादं रोप उपटायच्या, सुनेच्या तळहातावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "डोळे मिट अन् सांग." पाथरीचं पान तोडलं की दुधासारखा चीक येतो. घोळीचं पान बोटाला जाड आणि थंड लागतं. कुंजिराची कोवळी काडी वाकते, जून काडी कटकन मोडते, आणि मोडली की ती भाजी आपली नाही. विळा लागला तर दगडी पाला चोळून त्याचा रस जखमेवर सोडायचा. ताप अंगात मुरला तर कडुलिंबावर चढलेली गुळवेल आणायची, दुसऱ्या झाडावरची नाही. डोळे मिटायची ही तऱ्हा त्यांनी मोतीबिंदू वाढल्यावर काढली, असं महारुद्र म्हणायचा. महारुद्र म्हणजे शिवकन्येचा नवरा. "मायला दिसंना गेलं, म्हणून तुला आंधळं करायलीय," असं तो आईच्या देखतच म्हणायचा, आणि आई म्हणायची, "तुला दिसतंय ना सगळं? मग जा, घोळ घेऊन ये." तो गुपचूप उठून बाहेर जायचा.

काही वर्षांत शिवकन्येचा हात बसला. गल्लीतल्या बायका दाराशी येऊन आता दोघींना मिळून विचारू लागल्या. तरी शेवटचा शब्द धुरपताबाईंचा. लेकराला खोकला असो की बाळंतिणीला दूध कमी असो, बाई आधी त्यांच्या ओट्यावर यायची, मग दवाखान्यात जायची. दवाखान्यात जा, हेही पुष्कळदा त्याच सांगायच्या.

वर्षातला त्यांचा मोठा दिवस म्हणजे ऋषिपंचमी. त्या दिवशी बाया बैलाच्या कष्टाचं काही खात नाहीत. नांगरटीतलं धान्य नाही, वाफ्यातली भाजी नाही; आपोआप उगवलेलं तेवढंच. आदल्या दिवशी गणपती बसतात, आणि गणपती बसवून झाले की धुरपताबाई टोपली घेऊन बांधावर. आळीतल्या सगळ्या घरांची भाजी त्याच आणायच्या. तो त्यांचा मान होता, कुणी दिलेला नव्हता आणि कुणी काढूनही घेत नव्हतं. गीताबाई दरवर्षी एकच वाद घालायची. गावात आता बैल उरलेत कुठं, सगळं ट्रॅक्टरनं होतं, मग पिकातलं खाल्लं तर काय बिघडलं?

"ट्रॅक्टर काय फुकट राबतोय व्हय?" धुरपताबाई म्हणायच्या. "त्यो बी धापा टाकतो. ज्या जिमिनीला आपण दुखवलं न्हाई, तिथलं एक दिवस खायाचं. एवढंच हाय ते."

म्हणूनच त्यांनी वरच्या रानाचा बांध राखला होता. शेजारच्या सगळ्यांनी बांधांवर तणनाशक मारायला सुरुवात केली तरी यांच्या बांधाला त्यांनी पंप लागू दिला नाही. बांध म्हणजे माझं दुकान हाय, असं म्हणायच्या. दुकान त्यांचं होतं, पण त्याची झाडलोट शिवकन्येकडं होती. बांधावरचं गवत वाढून सोयाबीनमध्ये उतरायचं, ते तिला विळ्यानं कापावं लागायचं. मजुरीला बाया मिळत नव्हत्या. तिची कंबर धरायची. त्या वर्षी गवतातून साप निघाला, अगदी तिच्या पायाजवळून, आणि ती घरी येऊन नुसती बसून राहिली. सगळ्यांचे बांध स्वच्छ, भांग पाडल्यासारखे. आपलाच तेवढा जटा वाढल्यासारखा.

पोळ्याच्या सुमाराला धुरपताबाई डोळे दाखवायला परभणीला गेल्या. तिथं त्यांची लेक अंबिका राहते. डॉक्टरनं मोतीबिंदू पिकलाय म्हणून सांगितलं आणि दसऱ्याच्या आधीची तारीख दिली. त्या तिकडं असतानाच शिवकन्येनं नवऱ्याला म्हटलं, बांधावर तणनाशक मारून टाका एकदाचं, त्यांना काय दिसणार आहे.

हे शेवटचं वाक्य तिनं सहज म्हटलं होतं. नंतर तिला तेच आधी आठवायचं.

महारुद्रनं सोयाबीनवर अळीचं औषध मारलं होतं, पंपाच्या तळाला ते थोडं शिल्लक होतं. पंप धुवायचा कंटाळा म्हणून त्यानं त्यातच तणनाशक ओतलं. पाणी शिवकन्येनंच आणून दिलं. वरच्या रानाचा बांध एका सकाळीत मारून झाला. गवत लगेच वाळत नाही, औषध आधी मुळात उतरतं, मग वर दिसतं, असं दुकानदारानं सांगितलं होतं. त्यामुळं गणपती बसले त्या दिवशी बांध पाहिला असता तर कुणालाही हिरवागारच दिसला असता.

धुरपताबाई आदल्या दिवशीच परत आल्या होत्या. दुपारी त्यांनी टोपली काढली. शिवकन्येनं त्यांना ओढ्याकडं वळवायचा प्रयत्न केला. वरच्या रानात चिखल आहे म्हणाली, साप निघाला होता म्हणाली. त्या ओढ्याकाठी आल्या, तिथं घोळ आणि पाथरी भरपूर काढली, आणि मग म्हणाल्या, कुंजीर खरा वरच्या बांधाचा. सापाचं काय, तो आपल्याआधीपासून तिथं राहतो.

तेव्हा सांगता आलं असतं. सांगितलं असतं तर सण नासला असता, महारुद्रला आईचं ऐकून घ्यावं लागलं असतं, आणि शिवकन्येनं त्यांच्या माघारी काय केलं ते गल्लीभर झालं असतं. ती मागोमाग गेली. म्हाताऱ्या बोटांनी कोवळे शेंडे भराभर खुडले, आणि शिवकन्येनं ते टोपलीत न टाकता कॅरीबॅगेत घेतले. तिनं मनाशी ठरवलं होतं, घरी गेल्यावर ही पिशवी उकिरड्यावर टाकायची. शेळीलाही घालायची नाही.

घरी आल्यावर पिशवी तिनं रांजणामागं, भिंतीशी ठेवली. मग गणपतीची आरती झाली, शेजारची लेकरं प्रसादाला आली, टोपलीतल्या भाजीचे वाटे झाले. शिवकन्या चुलीपाशी होती. गीताबाई सगळ्यांत शेवटी आली. तिची सून निकिता पोटुशी होती, पाचवा सरला होता, आणि निकितालाही ऋषीची भाजी करायची होती, पहिलंच वर्ष म्हणून. टोपलीत तळाला थोडीच उरली होती. धुरपताबाईंनी इकडंतिकडं चाचपलं, रांजणामागची पिशवी त्यांच्या हाताला लागली. त्यांनी हात घालून शेंडे दाबून पाहिले.

"ही घे," त्या गीताबाईला म्हणाल्या. "वरच्या बांधाची हाय. लय कोवळी. पोटुशी बाई हाय, तिला चांगली जाऊ दे."

शिवकन्येनं चुलीपाशी बसून हे पाहिलं. तिच्या हातात पळी होती. मधे पाऊस पडून गेलाय, तिनं स्वतःला सांगितलं, धुऊन गेलं असेल. औषध गवताचं आहे, माणसाला काय करतंय, असं महारुद्र म्हणालाच होता. भाजी शिजली की काही राहत नाही. गीताबाई पिशवी घेऊन ओटा उतरली, अंगण ओलांडून गेली, आणि शिवकन्या चुलीपाशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी आघाड्याच्या काडीनं दात घासून, आंघोळी-पूजा करून बायांनी भाजी खाल्ली. या घरानं टोपलीतली खाल्ली.

दिवस मावळायच्या आत निकिताला ओकाऱ्या सुरू झाल्या, मग गीताबाईला. जीप करून दोघींना सेलूला नेलं. सलाईन लागलं. गीताबाई लवकर सावरली, निकिताच्या पोटात मात्र कळा येऊ लागल्या, आणि लेकरू राहतंय की जातंय, हे सोनोग्राफी होईपर्यंत कुणालाच कळेना. डॉक्टरनं काय खाल्लं विचारलं. रानभाजी म्हटल्यावर तो म्हणाला, त्यात काहीतरी विषारी आलं असणार, ओळखीत चूक झाली असणार. हे वाक्य दवाखान्यातून गावात पोचायला जीपही लागली नाही. धुरपताबाईचे डोळे गेलेत, म्हातारीनं भलतंच काहीतरी दिलं.

लेकरू राहिलं. निकिता घरी आली.

ती आली त्या दिवशी धुरपताबाई काठी घेऊन स्वतः तिच्या दारात गेल्या. शिवकन्या हाताला धरून होती, कारण त्यांना आता उंबरा दिसत नव्हता. त्या निकिताच्या बाजेपाशी खाली बसल्या आणि तिच्या पायाला हात लावू लागल्या. निकितानं पाय आखडून घेतले. गीताबाई म्हणाली, "जाऊ द्या काकू. वय झालं." तिला बरं बोलायचं होतं, आणि ते बोलणं फार वाईट लागलं.

त्यानंतर धुरपताबाई भाजी आणायला गेल्या नाहीत. कुणी काही विचारायलाही आलं नाही. ओट्यावर बसून त्या दिवसभर तोच दिवस पुन्हा खुडत असायच्या. धोत्र्याचा कोंब आला असेल का? पण त्याला वास असतो. रुईचं पान? ते तर जाड, लवदार. मग काय होतं ते? एकदा त्यांनी शिवकन्येला जवळ बोलावलं.

"तू तर संगच व्हतीस," त्या म्हणाल्या. "तुला डोळे हायेत. तुला बी कळलं न्हाई?"

"न्हाई कळलं, आत्याबाई," शिवकन्या म्हणाली.

त्यांनी मान हलवली. मग तुझी चूक नाही, मीच तुला नीट शिकवलं नसणार, असं म्हणाल्या.

शिवकन्येनं हे महारुद्रला सांगितलं. तो शेतातून आला होता, पाय धूत होता. त्यानं बराच वेळ पाय धुतले. बाई बरी झाली, लेकरू वाचलं, आता उकरून काय मिळणार, उगाच दारात भांडण येईल, असं त्याचं म्हणणं. मग जरा थांबून तो म्हणाला, "पंप धुवायला पायजे व्हता मी." तेवढंच. त्यानंतर तो वरच्या रानात जाताना बांधाकडं बघायचा नाही. बांध आता तांबूस पडला होता.

ऑपरेशनची तारीख जवळ आली. अंबिकाचा फोन आला, केव्हा पाठवताय आईला. धुरपताबाईंनी फोन हातात घेतला आणि येत नाही म्हणून सांगितलं. लेकीनं समजावलं, महारुद्रनं समजावलं. पैशाची फिकीर नव्हती, शिबिरातलं ऑपरेशन होतं. शेवटी शिवकन्या म्हणाली, डोळे नीट झाले की पुन्हा सगळं दिसेल.

"डोळ्याला दिसत न्हाई, ते मला ठावं हाय," धुरपताबाई म्हणाल्या. "म्हणून तर मी हातावर चालले इतकी वर्षं. आता हातच चुकला. हाताचं ऑपरेशन कोन करतंय?"

आणि मग, कुणाला म्हणून नाही, "बघून तरी काय करू आता," असं म्हणून त्यांनी भिंतीकडं तोंड केलं.

शिवकन्येनं भाकरी केल्या, भांडी घासली, म्हशीला पेंड घातली. सकाळी महारुद्र बाहेर पडल्यावर ती सासूला म्हणाली, चला, जरा वरच्या रानात जाऊ. त्या नको म्हणाल्या. तिनं हात धरून उठवलंच. बांधाशी आल्यावर धुरपताबाईंनी पाय टाकला आणि पायाखाली करकर वाजलं. त्यांनी दुसरा पाय टाकला. तसंच वाजलं. भादव्यात बांध असा वाजत नसतो.

त्या हळूच खाली बसल्या आणि दोन्ही हातांनी जमीन चाचपू लागल्या.

"कवा मारलं?"

"तुमी परभणीला गेल्ता तवा."

"त्यानं?"

"म्या सांगितलं, म्हणून त्यांनी. पाणी म्याच आणून दिलं."

पलीकडच्या रानात कुणीतरी पाखरं हाकत होतं.

"अन् ती पिशवी येगळी कशी व्हती?"

"टाकून द्यायची म्हणून म्याच येगळी ठिवली व्हती."

"म्हंजी मी गीताला दिली, तवा तू बघितलं."

"बघितलं."

मार बसला असता तर तिनं खाल्ला असता. तिनं मान खाली घातलीच होती. पण म्हातारीचं लक्षच तिच्याकडं नव्हतं. वाळलेलं एक रोप मुळासकट उपटून त्या त्याच्या काडीवरून बोटं फिरवत होत्या, तुरा चुरून नाकाशी नेत होत्या. ते टाकलं, दुसरं घेतलं. "कुंजीर," त्या म्हणाल्या. मग पुढं सरकून, "ह्ये बी कुंजीर. ही पाथरी. हा तरवटा." पुन्हा, "कुंजीरच व्हता गं." त्यांचा चेहरा इतक्या दिवसांनी सैल झाला. त्या जवळजवळ हसत होत्या, आणि वाळल्या बांधावरून बसल्या बसल्या पुढं सरकत एकेक नाव घेत होत्या. शिवकन्येला ते बघवेना. ज्या बांधाला त्यांनी आयुष्यभर पंप लागू दिला नव्हता, त्याच्या मढ्यावर हात फिरवून त्यांना आनंद होत होता, आणि त्यांना एवढ्यावर खूश व्हायची वेळ तिनंच आणली होती.

मग त्या थांबल्या. हात पदराला पुसले.

"चल."

"घरी?"

"गीताच्या घरी. माझे हात गेले म्हणून मी त्या पोरीचे पाय धरलेत. त्ये तू फेडायचं. मी दारात उभी ऱ्हाते."

त्या खरोखरच दारात उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत. निकिता बाजेवर शेंगा सोलत बसली होती. शिवकन्येनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पंपातलं अळीचं औषधसुद्धा, रांजणामागची पिशवीसुद्धा. गीताबाई मधे एकदाही बोलली नाही. ती बाई एरवी कुणाला वाक्य पुरं करू देत नसे. सगळं ऐकून झाल्यावर तिनं एकच विचारलं.

"तुमी कोणती खाल्ली?"

"दुसरी," शिवकन्या म्हणाली. "टोपलीतली."

गीताबाईनं सुनेच्या मांडीवरचं शेंगांचं सूप उचललं आणि आत गेली. आतून भांडं ठेवल्याचा आवाज आला. नंतर ती बाहेर आली, पण शिवकन्येला ओलांडून दारात गेली आणि धुरपताबाईंना म्हणाली, "काकू, उन्हात कशाला उभ्या? या, बसा." धुरपताबाई आत येऊन बसल्या. त्यांना पाणी दिलं. शिवकन्येला बस म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. ती थोडा वेळ उभी राहिली आणि मग एकटीच घरी आली.

ऑपरेशन ठरल्या तारखेला झालं. काळा चष्मा लावून धुरपताबाई परत आल्या, तेव्हा आधी सुनेकडं नीट बघून घेतलं. तू वाळलीस, म्हणाल्या. घरात त्या तिला कधी टोचून बोलल्या नाहीत. मुलाला मात्र त्यांनी आपल्यासमोर पंप धुवायला लावला, रिकामा, कोरडा पंप, आणि त्यानं तो धुतला. निकिताला मुलगी झाली. बारशाचं बोलावणं आलं ते एकट्या धुरपताबाईंना. त्या गेल्या, आणि येताना पदरात बांधून आणलेल्या घुगऱ्या त्यांनी न बोलता शिवकन्येच्या ताटात ठेवल्या. शिवकन्येनं त्या तशाच झाकून ठेवल्या.

बायका पुन्हा ओट्यावर येऊ लागल्या, पण विचारणं बदललं. ही कोणती, असं कुणी विचारत नाही. कुठली, असं विचारतात. धुरपताबाईही आता डोळे मिटायला सांगत नाहीत. उलट म्हणतात, डोळे उघडे ठेव, आणि रोपाच्या आधी रान बघ. कुणाचं आहे, त्यानं काय मारलंय, वारा कुठून वाहतो. हे त्यांनाही नव्यानंच शिकावं लागतंय. वरच्या बांधावर पहिल्या पावसाला फक्त लव्हाळा आणि हराळी आली. कुंजीर उगवला नाही. शिवकन्या आता तो बांध विळ्यानं कापते, कंबर धरली तरी.

पुढच्या ऋषिपंचमीची भाजी तिनं एकटीनं, ओढ्याच्या वरच्या अंगाला चढून, कुणाचंच रान नाही अशा गायरानातून आणली. वाटे धुरपताबाईंनी केले. गीताबाईच्या घरचा वाटा त्यांनी शिवकन्येच्या हातात दिला. "तूच नेऊन दे," म्हणाल्या.

दारात निकिता आली. पोरगी कडेवर होती, मूठ चोखत होती. भाजी बघून निकितानं विचारलं, कुठली आहे. शिवकन्येनं गायरानाची म्हणून सांगितलं. निकितानं भाजी घेतली नाही. तिनं वाट्यातलं कुंजिराचं एक पान खुडलं आणि शिवकन्येपुढं धरलं.

"आधी तुमी खा, काकू."

आवाजात राग नव्हता. शिवकन्येनं पान घेतलं आणि तिथंच उभं राहून चावलं. कुंजिराचं कच्चं पान बेचव असतं, नुसतं ओलं गवत. गल्लीतल्या दोघीतिघी बघत होत्या. निकिता तिच्या गळ्याकडं बघत राहिली, घास खाली उतरेपर्यंत. मग तिनं पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि परडी पुढं केली.

तिथून शिवकन्या पुढच्या घरी गेली. तिथं कुणी मागितलं नव्हतं, तरी वाटा देण्याआधी तिनं त्यातलं एक पान काढून तोंडात टाकलं.